युद्धसमाप्तीचे साधन आणि नैतिक मर्यादा : थळच्या समुद्रापासून हिरोशिमापर्यंत

प्रस्तावना

युद्ध लवकर संपावे म्हणून अधिक संहारक साधन वापरणे नीतीला धरून होईल काय, हा प्रश्न 1945 नंतर जगभर चर्चिला गेला. या चर्चेत रायगड जिल्ह्याचाही वाटा आहे. प्रस्तुत लेखात त्या अनुषंगाने या वादाचा आढावा घेण्याचा प्रयत्न केला आहे.

थळच्या समुद्रातील संघर्ष

अलिबाग तालुक्यातील थळ गावासमोर खांदेरी व उंदेरी ही दोन बेटे आहेत. 1679 मध्ये शिवाजी महाराजांनी खांदेरीवर किल्ला बांधावयास घेतला, तेव्हा मुंबईकर इंग्रजांनी बेटाची रसद तोडण्यासाठी जहाजे पाठविली. तथापि मराठ्यांच्या लहान होड्या रात्रीच्या अंधारात किनाऱ्यावरून सामग्री पोहोचवीत राहिल्या. 1680 च्या प्रारंभी इंग्रजांनी तडजोड केली. मात्र सिद्दी कासमने उंदेरी बळकावल्याने संघर्ष संपला नाही. त्याच वर्षी उंदेरीवर उतरलेली मराठ्यांची तुकडी पराभूत झाली व सिद्दीने मृतांची शिरे मुंबईस आणली. ती किनाऱ्यावर खांबांवर लावण्याचा त्याचा बेत इंग्रजांनी रोखला.

हे युद्ध सौम्य नव्हते, हे यावरून स्पष्ट होते. तरीही मर्यादेची जाणीव त्या काळी होती. शिवाजी महाराजांनी 1673 मध्ये चिपळूण परिसरातील लष्कराला लिहिलेल्या पत्रात रयतेस उपद्रव न देण्याची सक्त ताकीद आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'तही आरमारासाठी लाकूड तोडताना रयतेस दुखवू नये, असा दंडक सांगितला आहे. लढणारा आणि न लढणारा यांतील भेद येथे गृहीत आहे. तो अनेकदा मोडला गेला, परंतु मोडणे हा दोष मानला जाई.

हिरोशिमा : समर्थन आणि आक्षेप

दुसऱ्या महायुद्धात हा भेद जवळजवळ पुसला गेला. मार्च 1945 मध्ये टोकियोवरील एका रात्रीच्या अग्निबाँबवर्षावात सुमारे 1 लाख लोक मृत्युमुखी पडले. 6 ऑगस्टला हिरोशिमावर व 9 ऑगस्टला नागासाकीवर अणुबाँब टाकण्यात आला. वर्षअखेरपर्यंत हिरोशिमात सुमारे 1,40,000 व नागासाकीत सुमारे 70,000 लोक मरण पावले, असा अंदाज आहे.

अमेरिकेचे माजी युद्धमंत्री हेन्री स्टिमसन यांनी 1947 मध्ये या निर्णयाचे समर्थन केले. जपानवर स्वारी करावी लागली असती, तर अमेरिकी सैन्याची हानी दहा लाखांवर गेली असती, असा त्यांचा युक्तिवाद होता. परंतु अमेरिकेच्याच 1946 च्या बाँबहल्ला सर्वेक्षण अहवालाने, अणुबाँब न टाकताही जपान 1945 संपण्यापूर्वी शरण आला असता, असे मत नोंदविले. शिवाय 8 ऑगस्टला सोव्हिएत रशियाने जपानविरुद्ध युद्ध पुकारले होते. शरणागतीचे नेमके कारण कोणते, याविषयी इतिहासकारांत आजही एकमत नाही.

येथे एक बाब लक्षात घेणे आवश्यक आहे. किती जीव वाचले, हा हिशेब अनुमानाचा आहे; किती गेले, हा घडलेल्या घटनेचा आहे. शिवाय ज्यांचे प्राण गेले, त्यांतील बहुसंख्य नागरिक होते.

गांधी आणि विनोबा

जून 1946 च्या अखेरीस गांधीजी पुण्यास जात असताना तत्कालीन कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यात, नेरळ व कर्जतदरम्यान रुळांवर ठेवलेल्या दगडांमुळे त्यांच्या गाडीला अपघात झाला. त्यातून ते बचावले. त्यानंतर लगेचच, 7 जुलैच्या 'हरिजन'मध्ये, अणुबाँबवरील त्यांचा लेख प्रसिद्ध झाला. बाँबच्या भयाने जग आपोआप अहिंसेकडे वळेल, हे मत त्यांनी अमान्य केले. अतिभोजनाने आलेली शिसारी ओसरताच माणूस पुन्हा पक्वान्नांकडे वळतो, तसेच हिंसेचेही होईल, असे त्यांचे प्रतिपादन होते. दोस्तांचा विजय त्यांना पोकळ वाटला. नाश करणाऱ्या राष्ट्राच्या आत्म्याचे काय झाले, हे कळण्यास अवकाश आहे, असेही त्यांनी सुचविले.

याच जिल्ह्यातील गागोदे येथे 1895 मध्ये जन्मलेल्या विनोबा भावे यांनी निराळी बाजू मांडली. विज्ञानाला अहिंसेची जोड मिळाली तर सर्वोदय, हिंसेची मिळाली तर सर्वनाश, असे त्यांचे सूत्र होते. त्यांना अण्वस्त्रांपेक्षा लहान शस्त्रांची अधिक धास्ती वाटे. कारण अण्वस्त्रे माणसाला अहिंसेचा विचार करावयास भाग पाडतात. गांधीजींना बाँबच्या भीतीतून विवेक निपजेल असे वाटत नव्हते. विनोबांना त्या भीतीत विवेकाची संधी दिसली.

समारोप

1998 च्या पोखरण चाचण्यांनंतर भारताने प्रथम वापर न करण्याचे धोरण जाहीर केले. साधनावर मर्यादा हवी, ही जाणीव त्यात आहे. प्रत्युत्तराचा हक्क मात्र राखलेला आहे. थळच्या समुद्रातील संघर्ष पुढे सुमारे आठ दशके रेंगाळला. दीर्घ युद्ध किनाऱ्यावरील रयतेस किती महाग पडते, हे त्यावरून दिसते. म्हणून युद्ध लवकर संपावे, ही इच्छा हीन मानता येत नाही. परंतु ज्यांच्यासाठी ते संपवावयाचे, त्याच निःशस्त्र लोकांना साधन बनविले, तर युद्धसमाप्तीचा हेतूच पराभूत होतो.