क्ष-किरणांचा वैदर्भीय अध्याय

बीजगणितात अज्ञात राशीसाठी आपण ‘क्ष’ लिहितो. ८ नोव्हेंबर १८९५ रोजी विल्हेल्म रोंटगेन यांना आढळलेल्या किरणांचे स्वरूप अज्ञात होते, म्हणून त्यांना तेच अक्षर मिळाले. पुढे स्वरूप उलगडले, तरी मराठीत ते क्ष-किरणच राहिले. चंद्रपूर-गडचिरोलीत या शब्दासरशी मोडलेल्या हाडाची छायाप्रत आठवते. त्यांचा दुसरा इतिहास मात्र आपल्या जवळच घडला आहे.

तो वर्णपटाचा इतिहास आहे. प्रत्येक मूलद्रव्य ठरावीक ऊर्जेपाशी क्ष-किरण एकाएकी अधिक शोषू लागते. तिला शोषणसीमा म्हणतात. ही सीमा संयुगानुसार सरकते, हे १९२० साली बेर्गेनग्रेन यांनी फॉस्फरसबाबत दाखवले. अणूने इलेक्ट्रॉन गमावले की उरलेले अधिक घट्ट बांधले जातात आणि आतला इलेक्ट्रॉन उपटण्यास जास्त ऊर्जा लागते. म्हणजे अणूच्या ओळखीबरोबर त्याची संगतही वर्णपटात वाचता येते.

नागपूर विद्यापीठात प्रा. चिंतामणी मांडे व त्यांचे सहकारी हेच वाचन करीत होते. मँगनीज हे विदर्भातील खाणींचे परिचित खनिज; त्याच्या संयुगांतील शोषणसीमेच्या सरकण्यावर सप्रे आणि मांडे यांचा निबंध १९७२ साली प्रसिद्ध झाला. १९८२ मध्ये पॅरिसच्या इव्हेत कोश्वा यांच्या गौरवार्थ निघालेल्या ग्रंथाचे संपादन मांडे यांनी क्रिस्तियान बोनेल यांच्यासह केले. त्याच वर्षी गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला. २०११ मध्ये गोंडवाना विद्यापीठ स्थापन होईपर्यंत दोन्ही जिल्ह्यांतील महाविद्यालये नागपूर विद्यापीठाशीच संलग्न होती. तेव्हा हा वारसा त्यांचाही ठरतो.

आज इंदूरच्या ‘इंडस-२’ या सिंक्रोट्रॉनवर त्याच तत्त्वाने पदार्थ तपासले जातात. जगातील काही केंद्रांत क्ष-किरण सूक्ष्मदर्शकाने किरण काही दशक नॅनोमीटर रुंदीच्या ठिपक्यावर एकवटून ठिपक्यागणिक वर्णपट नोंदवतात. अतिसूक्ष्म कणात पृष्ठभागावरील अणूंचे प्रमाण मोठे असते, त्यांची संगत आतल्या अणूंहून वेगळी असते. म्हणून हे वाचन निर्णायक ठरते.

विदर्भाचा वैचारिक इतिहास शिकवताना आपण कवी, कादंबरीकार, संतचरित्रकार यांच्यापाशी थांबतो. प्रयोगशाळेतले लेखन इंग्रजीत झाले, एवढ्यावरून ते आपल्या इतिहासाबाहेर ठेवणे योग्य नाही. ते मराठीत सांगणे हे मराठीच्या अध्यापकांचेही काम आहे. अन्यथा गडचिरोलीचा विद्यार्थी उद्या इंदूरला जाईल, आणि ही वाट नागपूरवरून गेली होती हे त्याला कुणी सांगितलेले नसेल.