मधातले पत्ते

भाऊबीज झाली की भंडारा जिल्ह्यात मंडया सुरू होतात. आज या गावची, उद्या त्या गावची. दिवसा बाजार, रात्री दंडार नाहीतर झाडीपट्टीचं नाटक, आणि मांडवाच्या मागे अंधारात तीन पत्ती. साकोलीकडच्या माझ्या एका मामांनी एका मंडईच्या रात्रीत वर्षाचं धान घालवलं. ट्रेलबद्दल किंवा रद्दी पत्त्यांबद्दल त्यांची तक्रार कधीच नव्हती. त्यांचं म्हणणं एकच: "मधातले पत्ते आले का मानूस बुडते, बाबू."

परवा शनिवारी हिशोब करून पाहिला. ५२ पानांतून तीन पानांचे २२,१०० हात होतात. त्यातले १६,४४० म्हणजे ७४ टक्क्यांहून जास्त हातांत जोडीसुद्धा नसते. अगदी मधोमध येणारा हात म्हणजे राजा, दश्शी आणि एखादं किरकोळ पान! अठ्ठ्यांची जोडी एका ब्लाइंडवाल्यासमोर ८२ टक्के वेळा जिंकते. पण चौघं टिकून असले तर चौघांनाही हरवण्याची शक्यता ४६ टक्क्यांच्या आसपास येते. शिवाय पत्ते पाहिलेल्याने ब्लाइंडच्या दुप्पट भरायचे. आणि समोरच्यानेही पत्ते पाहून चाल वाढवली, तर हे ८२-बिब्याऐंशी विसरा.

मग वाढवायचं कधी? यावर गणितज्ञांनी खरोखर डोकं खपवलं आहे. फॉन नॉयमनने १९२८ मध्ये खेळांच्या सिद्धांताचा पाया घातला आणि १९४४ च्या पुस्तकात पोकरला चक्क एक प्रकरण दिलं. १९५० मध्ये हॅरोल्ड कुनने पोकर इतका सोलला की पत्ते उरले तीन: राजा, राणी, गुलाम. खेळाडू दोन, प्रत्येकाला एक पान. उत्तर असं निघालं की राणी आली तर आपण होऊन कधीच वाढवू नये. राजावर वाढवा, आणि गंमत म्हणजे कधीकधी गुलामावरही! कारण राणीवर वाढवलंत तर समोरचा राजावाला पैसे भरणारच आणि गुलामवाला पत्ता टाकणारच. जिथे हरणार तिथे जास्त हरलात, जिथे जिंकणार तिथे वर दमडी नाही. गुलामावर वाढवलं तर निदान एखादी राणी घाबरून पळते.

(होल्डेम पोकरमध्ये हे असंच चालत नाही. तिथे फ्लॉपची तीन पानं अजून यायची असतात, अठ्ठ्यांच्या जोडीला साडेआठ डावांत एकदा तिसरी अठ्ठी मिळते. सगळ्यांनी पत्ते टाकून बोली शेवटी आपल्यापाशी आली, तर अशा हातावर वाढवणंच बरं. तीन पत्तीत जे आलं ते आलं.)

आता कोर्टाकडे वळू. १९६७ मध्ये सिकंदराबादच्या एका क्लबचा खटला सुप्रीम कोर्टात आला. न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी रमीला कौशल्याचा खेळ ठरवलं; फ्लश, ब्रॅग वगैरे नावांनी चालणाऱ्या तीन पानी खेळाला मात्र निव्वळ नशिबाचा. हे तेच हिदायतुल्ला, जे १९५४ ते १९५६ नागपूर हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश होते. तेव्हा भंडाराही त्याच हायकोर्टाखाली होता. मंडईतली तीन पत्ती त्यांच्या कानावर आली नसेल असं मला वाटत नाही, पण तो आपला माझा तर्क.

पानं वाटणं नशीबच, कबूल. पण कुनच्या तीन पानांतही राणीवर पैसे वाढवणारा दीर्घकाळात हरतोच; मग ते कौशल्य नाही तर काय? माझ्या मते गणितात कोर्ट चुकलं, मंडईच्या बाबतीत नाही. हजारो डावांनी दिसणारा फरक एका रात्रीत कुठून दिसणार? आणि धान तर एका रात्रीतच जातं.

गेल्या दिवाळीत मामांना कुनचा खेळ समजावून सांगितला. त्यांनी नीट ऐकून घेतलं.

"मंग रानी आली तं काय करा लागते?"

"काही नाही. गप्प बसायचं."

"तेच तं होत नाई ना, बाबू."