बुलढाणा जिल्ह्यातील कुलेतिहासाची साधने

एखाद्या घराण्याचा पूर्वेतिहास शोधू पाहणाऱ्यास आज घरबसल्या पुष्कळ कागद पाहावयास मिळतात. परंतु कागद पाहण्यापूर्वी एका प्रश्नाचा उलगडा करून घेणे प्राप्त असते : ज्या काळची नोंद हवी, त्या काळी ते गाव कोणाच्या अमलाखाली होते? बुलढाणा जिल्ह्याच्या बाबतीत हा प्रश्न विशेष बिकट आहे. अकबराच्या वऱ्हाड सुभ्यात मेहकर हे स्वतंत्र सरकार होते. अठराव्या शतकात या मुलखाच्या उत्पन्नावर निजाम व नागपूरकर भोसले या दोघांचाही हक्क चाले. हीच वऱ्हाडची प्रसिद्ध दुअमली. १८५३ च्या तहाने वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला, तरी १९०३ साली मध्यप्रांतास जोडला जाईपर्यंत त्यावर देखरेख हैदराबादच्या रेसिडेंटाची होती. पुढे १९५६ साली द्वैभाषिक मुंबई राज्य आणि १९६० साली महाराष्ट्र. या स्थित्यंतरांचा परिणाम असा की, एकाच देशमुख घराण्याचे कागद हैदराबाद, नागपूर, मुंबई, दिल्ली व लंडन अशा पाच ठिकाणी विखुरलेले असण्याचा संभव असतो.

जिल्ह्याच्या सीमाही स्थिर नव्हत्या. मलकापूर, चिखली व मेहकर हे तालुके १८६४ साली पश्चिम वऱ्हाडातून वेगळे काढण्यात आले, तर खामगाव व जळगाव हे तालुके १९०५ साली अकोल्याकडून बुलढाण्याकडे आले. जळगाव जामोदच्या एखाद्या कुळाची १८९० ची नोंद बुलढाण्याच्या नावाखाली शोधणारा रिकाम्या हाताने परततो, याचे कारण हेच. संगणकावरील सूचीत तर आजचे जिल्हे आणि तत्कालीन जिल्हे यांची सरमिसळ असते. म्हणून शोध गावाच्या नावाने करावा व जुन्या लेखनभेदांसह करावा. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावर हे पथ्य पाळले नाही तर हाती काहीच लागत नाही.

सामान्य कुटुंबाच्या दृष्टीने मात्र खरी मौल्यवान साधने गावपातळीवरची आहेत : १८६१ पासून सुरू झालेल्या जमीन मोजणीचे कागद, पटवाऱ्याचे दप्तर, शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर, आणि विदर्भात ‘कोतवाल बुक’ म्हणून ओळखली जाणारी जन्म-मृत्यूची नोंदवही. कोतवाल बुकात पुष्कळदा नवजात बालकाचे नावच नसते. अमुक वल्द अमुक यास मुलगा झाला, एवढेच लिहिलेले असते. आडनाव क्वचित, जात मात्र हटकून. आज ज्यांस ‘पाटील’ वा ‘देशमुख’ हे आडनाव आहे, त्यांच्या खापरपणजोबांच्या नोंदीत ते वतनाचे नाव असू शकते. आडनावावरून मागे जाऊ पाहणारा येथे हमखास फसतो.

ही नोंदवही आज इतक्या आतुरतेने शोधली जाण्याचे कारण केवळ पूर्वजांविषयीची जिज्ञासा नव्हे. इतर मागासवर्गीय दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. त्यावर मुलामुलींचा प्रवेश व नोकरी अवलंबून असते. २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीची स्थापना झाल्यानंतर कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला व अशा नोंदींच्या प्रतिमा जिल्हा प्रशासनांच्या संकेतस्थळांवर येऊ लागल्या. संशोधनाच्या दृष्टीने हा लाभ मोठा, परंतु एकांगी आहे. जी नोंद दाखल्यास उपयोगी तीच वेचून प्रसिद्ध होते. तिच्या शेजारची, त्याच पानावरील दुसऱ्या जातीच्या कुटुंबाची नोंद कोणी वाचत नाही. शिवाय मोडी व फार्सी वाचणारे थोडे असल्याने वाचनात चूक झाल्यास ती अधिकृत म्हणून रूढ होण्याचे भय असते.

वतनदार घराण्यांची स्थिती वेगळी. सिंदखेडच्या जाधवरावांच्या शाखा देऊळगाव राजा, किनगाव राजा, आडगाव राजा, मेहुणा राजा अशा ठिकाणी पसरल्या. १६२९ साली लखुजी जाधवराव आपले पुत्र व नातू यांसह दौलताबादेस मारले गेले, हे सर्वश्रुत आहे. अशा घराण्यांच्या वंशावळी विपुल मिळतात. पण पुष्कळशा वंशावळी वतनाच्या तंट्यात पुरावा म्हणून लिहिल्या गेल्या, हे विसरता कामा नये. ज्याचा वाटा नाकारावयाचा, त्याची शाखा ‘निर्वंश’ म्हणून दाखविणे फारसे कठीण नव्हते. तीर्थक्षेत्रीच्या उपाध्यायांच्या वह्या या बाबतीत अधिक निरपेक्ष ठरतात, कारण यात्रेकरू तेथे वाटा मागावयास जात नसे. हरिद्वारच्या अशा वह्यांची छायाचित्रे युटा येथील वंशावळी संस्थेने घेतलेली असून ‘फॅमिलीसर्च’वर ती पाहता येतात. वऱ्हाडच्या कुटुंबांस त्र्यंबकेश्वर व नाशिकच्या उपाध्यायांकडे स्वतः जाणेच अधिक फलदायी.

स्त्रियांचा माग काढणे सर्वांत अवघड. वंशावळीत त्यांस स्थान नाही. गावच्या कागदात त्या ‘जौजे’ किंवा ‘बेवा’ म्हणून नवऱ्याच्या नावामागे येतात. जिजाबाईंचे माहेर साऱ्या महाराष्ट्रास ठाऊक आहे; त्याच सिंदखेडच्या शेजारच्या गावात १८८० साली नांदावयास आलेल्या मुलीचे माहेर कोणते, हे मात्र माहेरच्या एखाद्या कागदात तिचा उल्लेख सापडला, तरच कळते.