सलाम नावाची आकडी

सलाम हा शब्द शिकवताना मी मुलांना आधी त्याचे मूळ सांगते. सीन, लाम, मीम या तीन अरबी अक्षरांतून सलाम, सलामत, सलामती हे शब्द आले. मुळाशी अर्थ आहे सुखरूपतेचा. तान्ह्या बाळांच्या एका घातक आजारालाही वैद्यकाने याच शब्दाचे नाव दिले, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते.

इंग्लंडमधल्या टनब्रिज गावात विल्यम जेम्स वेस्ट नावाचे डॉक्टर होते. फेब्रुवारी १८४१ मध्ये त्यांचे एक पत्र 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात छापून आले. त्यातला रुग्ण त्यांचाच मुलगा होता, जेमतेम वर्षाचा. चार महिन्यांपर्यंत बाळ निरोगी होते. मग त्याची मान किंचित पुढे झुकू लागली. हळूहळू ते झुकणे वाढले आणि डोके गुडघ्यांकडे जाऊ लागले. क्षणात अंग सैल पडे आणि पुन्हा तेच. एका वेळी दहा-वीस झटके, दिवसातून दोन-तीनदा. बाळ हसेनासे झाले, ओळख देईनासे झाले.

वेस्टनी जळवा लावल्या, जुलाब दिले, हिरड्यांना चीर दिली, अफूही दिली. कशाचाच उपयोग झाला नाही. लंडनचे सर चार्ल्स क्लार्क यांनी असे चार रुग्ण पाहिले होते. वाकून सलाम केल्यासारखी दिसते म्हणून ते तिला 'सलाम आकडी' म्हणत. खरे तर आपल्या सलामात वाकणे नसते, वाकतात ते दरबारी मुजऱ्यात. पण नाव रूढ झाले. पुढे वैद्यकाने आजाराला वेस्ट यांचेही नाव दिले.

या बापाने लाज धरली नाही, मुलाला लपवले नाही. जे दिसले ते बारकाईने लिहिले आणि उपाय माहीत असेल तर सांगा, अशी इतर डॉक्टरांना विनंती केली. मुलगा बरा झाला नाही. पण त्या नोंदीमुळे आजार ओळखता येऊ लागला.

पुढे १९५२ मध्ये अमेरिकेतल्या गिब्स दांपत्याने या बाळांच्या मेंदूच्या आलेखातल्या, म्हणजे ईईजीतल्या, अस्ताव्यस्त लहरींना 'हिप्सॅरिद्मिया' हे नाव दिले. १९५८ मध्ये बेल्जियममधल्या डॉक्टरांनी एसीटीएच या संप्रेरकाच्या इंजेक्शनांनी झटके थांबल्याचे प्रसिद्ध केले. आज ती इंजेक्शने, प्रेडनिसोलोन आणि व्हिगाबॅट्रिन हे मुख्य उपचार आहेत. प्रत्येक बाळ पूर्ण बरे होतेच असे नाही. बरेचसे मूळ कारणावर अवलंबून असते. जन्मताना प्राणवायू कमी पडणे, नवजात बाळाची साखर उतरणे, आनुवंशिक दोष अशी ती कारणे आहेत. पण उपचार जितक्या लवकर सुरू होतील, तितकी आशा जास्त.

आपल्याकडे मात्र वेळच दवडली जाते. जुन्या हकिमी ग्रंथांत मुलांच्या आकडीला 'उम्मुस्सिबियान' म्हणजे 'मुलांची आई' म्हटले आहे. घरोघरी ते नाव भूतबाधेचे झाले. कोणी म्हणते नजर लागली, कोणी म्हणते पोटात मुरडा आहे, कोणी कौतुकाने म्हणते, बघा, बाळ सलाम करतेय!

म्हणून मायबापांनो, एवढे ध्यानात ठेवा. बहुधा तीन ते बारा महिन्यांच्या वयात, विशेषतः झोपेतून उठल्यावर, बाळ एकामागून एक झटके देत असेल, मान किंवा कंबर वाकत असेल, हात फेकले जात असतील, शिकलेले हसणे-बघणे विसरत असेल, तर थांबू नका. मोबाईलवर व्हिडिओ काढा आणि त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांना दाखवा. ताप नाही म्हणून निर्धास्त राहू नका. ईईजी करायला सांगितले तर टाळू नका. औषध आपल्या मनाने बंद करू नका. दुआ जरूर करा, पण ती दवाखान्याच्या वाटेवर करा.

वेस्ट यांच्या हाती औषध नव्हते, फक्त लेखणी होती. आपल्या हाती औषध आहे. सलाम या शब्दातली सलामती बाळाला मिळायची तर ते वेळेवर पोचले पाहिजे.