धुरजड आणि उलाळ : वाहनाच्या कमानींचा इतिहास

संपादक-मंडळाने यंदाही स्मरणिकेसाठी एखादा ऐतिहासिक लेख द्यावा, असा आम्हांस आग्रह केला. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, आणि उमेदीचा सारा काळ शाळेत मुलांना गणित व इतिहास शिकविण्यात गेलेला. यंत्रविद्येत आमचा अधिकार नाही, हे प्रारंभीच नमूद केलेले बरे. तथापि 2022 सालच्या उन्हाळ्यात अमेरिकेत टेक्सास राज्यात आमच्या चिरंजीवांकडे राहण्याचा योग आला असता त्यांच्या घराच्या अंगणात जे पाहिले, त्यामुळे आम्ही या विषयाच्या शोधास लागलो. आपल्यापैकी अनेक कुटुंबांतील मुले आज तिकडे आहेत. त्यांच्या पालकांस हे वाचून कुतूहल वाटेल, आणि कदाचित उपयोगही होईल.

चिरंजीवांकडे एक पिकअप ट्रक आहे. पुढे बसावयाची बंदिस्त जागा आणि मागे सामानासाठी उघडा हौदा, असे हे वाहन. त्यास तिकडे अर्धटनी म्हणतात. पूर्वी हौद्यात किती भार घालावा यावरून पडलेले ते नाव आजही टिकून आहे. या ट्रकचे पुढील दोन्ही स्ट्रट झिजून त्यांतून तेल पाझरत होते. ते घरीच बदलावे, आणि त्याच खटपटीत ट्रकचा पुढचा भाग उचलून तो सपाट करावा, असा बेत पितापुत्रांनी केला होता. कारण रिकामा ट्रक पुढून खाली व मागून सुमारे दोन इंच वर, असा उभा असे. आमच्या सतरा वर्षांच्या नातवास ते दृष्टीस खटके. तो म्हणाला, "आजोबा, एवढी मोठी गाडी, आणि कारखान्यातून वाकडीच बाहेर पडली?"

प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर देण्यापूर्वी थोडे मागे गेले पाहिजे.

आपल्या बैलगाडीस कमान नसते. चाकाच्या धावेस बसलेला दणका तुंबा, आस आणि साटा यांतून थेट माणसाच्या मणक्यास पोहोचतो. युरोपातील घोडागाड्यांची अवस्था पूर्वी फारशी निराळी नव्हती. पेटी चामड्याच्या पट्ट्यांवर टांगून काय तो आराम मिळे. इंग्लंडात रॉबर्ट हूक याने 1678 साली स्प्रिंगचा नियम प्रसिद्ध केला : जितका भार, तितके दबणे, भार दुप्पट, तर दबणेही दुप्पट. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ओबाडाया इलियट या लंडनच्या गाडी-कारागिराने पोलादी पाट्यांच्या लंबवर्तुळाकार कमानी गाडीखाली बसविल्या. टांग्याखाली आपण ज्या कमानी पाहिल्या, त्या याच कुळातील.

हेन्री फोर्ड यांची मॉडेल टी ही मोटार 1908 साली निघाली. तिच्या पुढे एक व मागे एक अशी आडवी पाट्यांची कमान असे. 1925 साली फोर्ड कंपनीने याच मोटारीस मागे हौदा जोडून ती कारखान्यातूनच पिकअप म्हणून विकावयास काढली; किंमत 281 डॉलर. शेतकऱ्यांनी ती उचलून धरली, आणि बिघडली तर खळ्यातच दुरुस्त केली. घरचे वाहन घरीच उघडण्याची जी सवय अमेरिकेत आजही दिसते, तिचा बराचसा उगम या काळात आहे.

परंतु कमानीत एक दोष असतो. दबलेली कमान उसळते, पुन्हा दबते, पुन्हा उसळते. ही उसळी जिरवावयास तेलाचा दट्ट्या लागतो. नळकांड्यातील तेल बारीक छिद्रांतून ढकलले जाते, आणि उसळीची शक्ती उष्णतेच्या रूपाने निघून जाते. मॉडेल टीस हे साधन कारखान्यातून मिळत नसे. 1928 च्या मॉडेल ए मध्ये ते आले. 1934 साली जनरल मोटर्सने आपल्या मोटारींच्या पुढील दोन चाकांस स्वतंत्रपणे वरखाली होण्याची मोकळीक दिली. एका चाकाखाली खड्डा आला, तर दुसऱ्याने का हिसका खावा, हा त्यामागील विचार होता.

यानंतर अर्ल मॅकफर्सन यांचे नाव येते. 1891 साली इलिनॉय राज्यात जन्मलेले हे अभियंते दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस शेव्हरोलेसाठी एक लहान व स्वस्त मोटार आखीत होते. तीत त्यांनी गुंडाळी-स्प्रिंग आणि तेलाचा दट्ट्या एकाच उभ्या खांबात बसवून चाकाचा वरचा आडवा हात काढूनच टाकला. 1947 साली कंपनीने ती योजना सोडून दिली, तेव्हा मॅकफर्सन फोर्ड कंपनीत गेले. 1950 साली इंग्लंडातील फोर्डच्या कॉन्सल व झेफिर या मोटारींत तो खांब जगापुढे आला. स्ट्रट या शब्दाचा मूळ अर्थ टेकू असाच आहे. 1960 साली मॅकफर्सन निवर्तले. आज जगातील असंख्य लहान मोटारी त्यांच्या टेकूवर उभ्या आहेत.

पिकअपची वाट मात्र निराळी. त्याच्या चाकास वरचा व खालचा असे दोन्ही हात कायम राहिले. स्प्रिंग व दट्ट्या एकत्र असलेला खांब त्यांच्यामध्ये आला. काटेकोरपणे पाहता तो मॅकफर्सन यांचा टेकू नव्हे. परंतु बोलीत त्यास स्ट्रटच म्हणतात. फोर्डच्या अर्धटनी ट्रकमध्ये ही रचना 2004 च्या नमुन्यापासून, व शेव्हरोलेच्या ट्रकमध्ये 2007 पासून आली. त्यापूर्वी यांच्या चारही चाकांस शक्ती देणाऱ्या बऱ्याच ट्रकांत पुढे पीळ घेणारे पोलादी दांडे असत. पान्याने एक बोल्ट फिरविला की पुढचा भाग वर येई. आता त्यासाठी सारा खांब उतरवून त्याच्या डोक्यावर चकती बसवावी लागते.

आता नातवाच्या प्रश्नाकडे वळू. आमचे वडील गाडी भरताना मागे उभे राहून जुवाकडे पाहत. ओझे पुढे जास्त झाले तर गाडी धुरजड होते आणि बैलांच्या माना दाबते. मागे जास्त झाले तर ती उलाळ होते आणि जू बैलांच्या मानेवरून उचलते. आम्ही नातवास म्हटले, "बाळ, गाडी रिकामी पाहून तिला वाकडी म्हणू नये. भरून पाहा."

मुलाने प्रयोग केला. बागेसाठी माती आणावयाचीच होती. अठरा-अठरा किलोंची वीस पोती हौद्यात रचली, म्हणजे भार 360 किलो झाला. मागचा भाग सुमारे दोन इंच दबला, आणि ट्रक सपाट झाला! रिकामा असता जो वाकडा, तो भरला असता सरळ. कारखानदाराने ते दोन इंच ओझ्यासाठी राखून ठेवले होते. पुढचा भाग दोन इंच उचलला असता, तर मातीच्या पोत्यांनिशी ट्रक उलाळ झाला असता आणि रात्री त्याचे दिवे समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत गेले असते.

मग गणित मांडले. खांबाचे खालचे टोक चाकाशी नव्हे, तर खालच्या हाताच्या जवळजवळ मध्यावर टेकते. म्हणून तरफेच्या नियमाने वरच्या चकतीच्या जाडीच्या सुमारे दुप्पट उंची वाढते. एक इंची चकतीऐवजी अर्धा इंची घेण्याचे ठरले. त्यामुळे उंची एक इंच वाढली, आणि एक इंच ओझ्यासाठी राहिला. पितापुत्र दोघेही राजी झाले.

एक प्रसंग मात्र लिहिताना आजही हात थबकतो. जुनी स्प्रिंग काढून नव्या खांबावर चढविण्याचा चिरंजीवांचा विचार होता. त्यासाठी स्प्रिंग आवळण्याचे साधन त्यांनी दुकानातून अनामत ठेवून आणले. आवळलेल्या स्प्रिंगमध्ये शेकडो किलोंचा जोर कोंडलेला असतो, आणि तो डोळ्यांस दिसत नाही. आवळता आवळता एका बाजूचा आकडा वेटोळ्यावरून किंचित सरकला. नातू समोरच वाकून पाहत होता. आम्ही त्याचा दंड धरून त्यास मागे ओढले आणि म्हटले, "थांबा." चिरंजीव क्षणभर आमच्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी बाजूस सरून दोन्ही पेच आळीपाळीने थोडे थोडे सैल केले आणि साधन परत पेटीत ठेवले. स्प्रिंगसह जोडलेले तयार खांब मागविले गेले. थोडे डॉलर अधिक पडले. त्याविषयी घरात कोणी चकार शब्द काढला नाही.

पुढील शनिवारी काम झाले. ट्रक जॅकवर न ठेवता भक्कम लोखंडी टेकूंवर उतरविला. वरचे तीन नट, खालचे दोन बोल्ट सोडले. ब्रेकच्या रबरी नळीवर भार पडू नये म्हणून चाकाचा सांधा तारेने बांधून ठेवला. हातांच्या मुळाशी असलेले रबर पिळून फाटू नये, यासाठी तेथील सैल केलेले बोल्ट ट्रक चाकांवर उभा राहिल्यावरच घट्ट आवळले. मग चाकांचे कोन जुळवून घेण्यासाठी ट्रक दुकानात नेला, आणि सायंकाळी भिंतीवर खूण करून दिव्यांचा झोत खाली आणला.

काम संपल्यावर नातवाने हौद्यात पुन्हा वीस पोती रचली आणि मागे उभा राहून पाहू लागला. मागचा भाग पुढच्यापेक्षा इंचभर खाली गेला होता. तो म्हणाला, "आजोबा, थोडी उलाळच झाली की!" आम्ही म्हटले, "मग पोती पुढे सरकव." त्याने ती चालकाच्या पाठीकडे सरकविली, आणि ट्रक जवळजवळ सावरला.

आमच्या वडिलांनी कधी मोटार चालविली नाही. परंतु त्यांचे दोन शब्द टेक्सासमधील एका मुलाच्या तोंडी आता बसले आहेत, याचा आम्हांस संतोष वाटतो. परदेशी असलेल्या आपल्या मुलांनी घरचे काम घरी अवश्य करावे. मात्र जे वाकडे दिसते ते तसे का घडविले, हे आधी विचारावे, आणि कोंडलेल्या जोरासमोर कोणास उभे राहू देऊ नये. एवढे निवेदन करून आम्ही लेखणी आवरती घेतो.