ट्रकला हात फुटला तेव्हा

बर्फावरून घसरायला पायात बांधतात त्या लांब पट्ट्या, म्हणजे स्की, बनवणाऱ्या माणसाचा क्रेनशी काय संबंध? स्वीडनमधल्या हुडिक्सवाल गावचा एरिक सुंदिन हा तो माणूस. १९४४ मध्ये त्याने ‘हायड्रॉलिस्का इंडस्ट्री एबी’ ही कंपनी काढली आणि १९४७ मध्ये ट्रकवर बसणारी हायड्रॉलिक क्रेन आणली. कंपनीच्या आद्याक्षरांचं झालं ‘हियाब’. युरोपात आजही अनेक जण कुठल्याही ट्रक-क्रेनला हियाबच म्हणतात. आपण कुठल्याही पिवळ्या खोदाई यंत्राला जेसीबी म्हणतो, तसं.

मला गंमत वाटते ती याची, की त्यात नवं फारसं काही नव्हतं. बंद भांड्यातल्या द्रवाला दाबलं की तो दाब सगळीकडे सारखा पोचतो, हे पास्कलने सतराव्या शतकातच सांगितलं होतं. १८४६ मध्ये आर्मस्ट्राँगने न्यूकॅसलच्या धक्क्यावर पाण्याच्या दाबावर चालणारी क्रेन उभारली. पण तिची ताकद शहराच्या पाण्याच्या नळातून यायची, त्यामुळे ती जागची हलणार कशी? सुंदिनने हेरलं ते एवढंच: ट्रकमध्ये इंजिन आहेच, आणि माल उतरवताना ते बिनकामाचं असतं. गिअरबॉक्समधून थोडी ताकद पंपाकडे वळवली, की पंप तेल सिलिंडरमध्ये रेटतो, दांडा बाहेर सरकतो आणि क्रेनचा हात वर जातो.

उचलणं सोपंच. अवघड आहे ते न कलंडणं. पाण्याची भरलेली बादली अंगाजवळ धरा, मग हात लांब करून धरा. खांदा लगेच सांगेल. म्हणून क्रेनची ताकद टन-मीटरमध्ये मोजतात. १० टन-मीटरची क्रेन २ मीटरवर ५ टन पेलेल, १० मीटरवर जेमतेम १ टन, आणि हाताचं स्वतःचं वजन धरलं तर त्याहूनही कमी. त्यासाठीच ट्रक आधी दोन्ही बाजूंना पाय काढून जमिनीवर टेकवतो. त्या पायाखाली गटाराचं झाकण आलं की खेळ खलास. रस्त्यात क्रेन दिसली की मी हुककडे नाही, पायांखालच्या लाकडी ठोकळ्यांकडे बघतो.

सुंदिनची क्रेन २२ वर्षांची झाली तेव्हा, १९६९ मध्ये, महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. माथ्यावर ओझं वाहतात म्हणून माथाडी. अण्णासाहेब पाटलांनी मुंबईत या कामगारांना संघटित केलं. कायद्याने मंडळं आली, भविष्यनिर्वाह निधी आला, उपचारांची सोय आली. ओझं माथ्यावरच राहिलं. ते क्रेनने उचललं तर मान वाचते, पण त्या दिवसाची मजुरीही जाते. या पेचाचं उत्तर हायड्रॉलिक्समध्ये नाही. यंत्र कुठे पोचतं आणि कुठे नाही, हे माझ्या मते मजुरीच्या हिशेबावरच ठरतं. विजेचा ट्रान्सफॉर्मर कुणाच्या डोक्यावर मावत नाही, म्हणून त्याच्यासाठी क्रेन येते. ५० किलोची सिमेंटची गोणी मावते.