अर्धा मोडेम

हातात घेतलं की वजनावरूनच कळायचं. १९९८पर्यंत आमच्या दुकानात येणारं इंटर्नल मोडेमचं कार्ड वीतभर लांब असायचं. काळ्या आयएसए स्लॉटमध्ये ते दोन्ही अंगठ्यांनी दाबून बसवावं लागे. त्यावर एक मोठी चौकोनी चिप, शेजारी दोन-तीन लहान चिपा, कॉम पोर्ट आणि आयआरक्यू ठरवायचे जंपर आणि लाइन उचलताना ‘टक्’ करणारा रिले. २००० साल उजाडलं आणि लॅमिंग्टन रोडवरून येणाऱ्या खोक्यांत पांढऱ्या पीसीआय स्लॉटची कार्डं दिसू लागली. पत्त्याएवढी आणि हलकी. एखादी चिप, रिले, चार कपॅसिटर आणि बाकी सगळं हिरवं मोकळं मैदान. भाऊ खोकं उघडून म्हणाला, “ताई, ह्यात माल कमी भरलाय.”

तो गमतीने म्हणाला, पण ते शब्दशः खरं होतं.

नारायण पेठेत एका वाड्याच्या ओसरीला शटर बसवून आम्ही दोघं कॉम्प्युटर असेंबल करायचो. खरेदी आणि उधारी भावाकडे, सोल्डरिंग आणि शिव्या माझ्याकडे. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा झाल्यामुळे एखाद्या वस्तूत काय नाही, हे मला पटकन दिसायचं.

टेलिफोनच्या तारेवरून आवाजच जातो. संगणकाच्या शून्य-एकांचा आवाज करायचा आणि पलीकडून आलेल्या आवाजातून पुन्हा शून्य-एक वेचायचे, हे सगळं गणित आहे आणि जुन्या कार्डावरची मोठी चिप तेच गणित करायची. तिच्या डोक्यावर एक नियंत्रक असे. तो ‘एटी’ने सुरू होणाऱ्या आज्ञा पाळायचा आणि वाटेत बिघडलेले तुकडे पुन्हा मागवायचा. ह्या आज्ञा १९८१च्या हेज स्मार्टमोडेमपासून चालत आलेल्या. एटीडीटी म्हटलं की टोनने फिरवा, एटीडीपी म्हटलं की पल्सने, एटीएच म्हटलं की ठेवा. संगणकाला हे कार्ड म्हणजे आणखी एक सीरियल पोर्ट वाटे. त्यामुळे डॉस असो, विंडोज असो की लिनक्स, मोडेमच्या पोटात काय चाललंय ह्याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं.

नव्या कार्डावरून गणिताची चिप गेली, नियंत्रकही गेला. उरला तो आवाजाचे आकडे करणारा एक तुकडा आणि टेलिफोनच्या तारेशी जोडणी. बाकीची कामं संगणकाच्या प्रोसेसरवर ढकलली गेली, आणि ती कशी करायची हे सांगणारा ड्रायव्हर फक्त विंडोजसाठी लिहिलेला असायचा. म्हणून नाव ‘विनमोडेम’. हे नाव मुळात यूएस रोबोटिक्सच्या मालाचं. वनस्पती तुपाला डालडा म्हणावं तसं ते सगळ्यांनाच चिकटलं. ह्यातही दोन जाती होत्या. काहींत नियंत्रक गेला तरी गणिताची चिप शाबूत होती. ल्युसेंटची कार्डं ह्या जातीची. काहींत दोन्ही गेलेली. पीसीटेल किंवा कोनेक्सन्टच्या एचएसएफ कार्डांत प्रोसेसरच सगळं राबायचा.

कारण उघड होतं. पेन्टियमकडे ताकद शिल्लक पडायला लागली होती आणि चिपा महाग होत्या. आमच्याकडे इंटर्नल कार्ड सात-आठशेला जायचं, बाहेर ठेवायचा डबा तीन हजारांच्या पुढे. गिऱ्हाईक कुठलं घेणार? मला दोष द्यायचा नाही. मीच शेकडो विकली.

अडचण लिनक्सवाल्यांची. पीसीक्वेस्ट मासिकाबरोबर लिनक्सच्या सीड्या यायच्या. इंजिनिअरिंगची मुलं त्या आणून दुकानात बसायची. शिवाय एक निवृत्त काका होते. आयुष्यभर बँकेत ऑडिट केलं, आता चोरीचं विंडोज वापरणार नाही, असा त्यांचा बाणा. मशीन आमच्याकडून घेतलं, लिनक्स चढलं, पडदा उजळला, आणि अमेरिकेतल्या लेकीला ई-मेल पाठवायची वेळ आली तेव्हा मोडेम मुका. लिनक्सला तो दिसत होता, पण सीरियल पोर्ट म्हणून नाही. “तुम्ही मला अर्धी वस्तू दिलीत,” काका म्हणाले. मी काय बोलणार?

पहिलं काम कार्डाची जात ओळखायचं. खोक्यावरचं नाव निरुपयोगी. एकाच खोक्यात ह्या महिन्यात एक चिप, पुढच्या महिन्यात दुसरी. ‘एलएसपीसीआय’ ही आज्ञा दिली की कार्डाचा क्रमांक कळे. ११सी१ म्हणजे ल्युसेंट, १३४डी म्हणजे पीसीटेल, १४एफ१ म्हणजे कोनेक्सन्ट. एमएच १२ म्हणजे पुणे, तसे ते मला पाठ झाले. पुढे मार्विन स्टोडोल्स्की ह्यांची ‘स्कॅनमोडेम’ नावाची स्क्रिप्ट मिळाली. ती कार्ड तपासून कुठला ड्रायव्हर धरायचा ते सांगायची. आधी मी चिपेवरचा चिकटवलेला कागद नखाने खरवडून खालचा छाप वाचायचे.

ल्युसेंट निघालं तर मी मनात पेढे वाटायचे. १९९९-२०००च्या सुमारास ल्युसेंटने लिनक्ससाठी एक ड्रायव्हर बाहेर सोडला होता, पण बंद डब्यात: तयार केलेली एकच फाइल, २.२.१२ ह्या कर्नलसाठी. (कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा भावाला वाटलं कुणी मिलिटरीवाला येणार आहे.) शेजारच्या आवृत्तीत ती जबरदस्तीने घुसवता यायची. २.४ आलं आणि सीरियल पोर्टची आतली रचना बदलली, तशी जबरदस्ती संपली. मग कर्नलशी बोलणारा भाग उघडा आणि मोडेमचा आत्मा बंद, अशी ड्रायव्हरची फोड झाली. उघडा भाग आपल्या कर्नलवर कंपाइल करायचा आणि त्याला बंद तुकडा जोडायचा.

२००२च्या संक्रांतीला काकांच्या मशीनवर हे लग्न लावायला बसले. रेडहॅट ७.२, कर्नल २.४.७-१०. ड्रायव्हर मिळवायला इंटरनेट हवं आणि इंटरनेटला ड्रायव्हर हवा! म्हणून दुकानातल्या विंडोज ९८वरून तो उतरवला, फ्लॉपीवर घेतला आणि स्कूटरवरून सदाशिव पेठेत नेला. पहिली फ्लॉपी वाटेतच बिघडली. मी नेहमी दोन न्यायचे.

कर्नलचा सोर्स दुसऱ्या सीडीतून काढला, कंपाइल केलं, काही कुरकूर नाही. ड्रायव्हरचं मोड्यूल चढवायला गेले तर नकार: हे दुसऱ्या कर्नलसाठी आहे. आकडे तेच, मशीन तेच. तासभर गेला. काकूंनी तिळगूळ आणून ठेवला, मग चहा, मग दुसरा चहा. शेवटी सापडलं. रेडहॅटने सोर्सबरोबर दिलेल्या मेकफाइलमध्ये आवृत्तीच्या शेपटाला ‘कस्टम’ हा शब्द जोडलेला होता. चालू कर्नलचं नाव २.४.७-१० आणि मी बनवत होते ते २.४.७-१०कस्टम. तो एक शब्द पुसला, मूळ कॉन्फिग जागेवर आणून ठेवली, सगळं पहिल्यापासून केलं. मोड्यूल निमूट चढलं.

आणि पडद्यावर आलं: नो डायलटोन.

फोन कानाला लावला तर टोन ठणठणीत. हे मात्र मला आधीपासून माहीत असायला हवं होतं, कारण विंडोजवरही ते होई. अमेरिकेत डायल टोन म्हणजे ३५० आणि ४४० हर्ट्झचे दोन सूर एकत्र. आपल्याकडे ४०० हर्ट्झचा एक सूर, त्यावर २५ हर्ट्झची थरथर. म्हणून आपला टोन घुमल्यासारखा वाटायचा. परदेशी कानाला तो टोनच वाटत नव्हता. उपाय एका आज्ञेचा: एटीएक्स३, म्हणजे टोनची वाट न बघता सरळ फिरव. त्या गल्लीतल्या लाइनला पल्सच चाले म्हणून एटीडीपी, आणि पुढे इंटरनेटचा नंबर १७२२२२. कार्डावरचा बझर करकरला. पलीकडून २१०० हर्ट्झची लांब शीळ आली. साधारण अर्ध्या सेकंदाला ती जागच्या जागी उलटते आणि टेलिफोनच्या यंत्रणेतले प्रतिध्वनी मारणारे घटक त्या खुणेने गप्प बसतात. मग तो खरखराट. तो ऐकून लाइन चांगली लागणार की पडणार हे मला आधी कळायचं. भाऊ म्हणायचा, गाडीचं इंजिन ऐकणाऱ्या मेकॅनिकसारखं. त्या दिवशी लाइन लागली. काकांनी लेकीला दोन ओळी पाठवल्या आणि मला विचारलं, “पैसे किती?” ह्या कामाचा दर मी कधीच ठरवू शकले नाही. कार्ड साडेसातशेचं आणि माझे पाच तास.

सगळी कार्डं इतकी सुसंस्कृत नव्हती. सगळा भार प्रोसेसरवर टाकणाऱ्या जातीत, मशीनवर एखादं जड काम लावलं की लाइन तुटायची. कोनेक्सन्टच्या कार्डांसाठी कॅनडातली लिनक्सअंट ही कंपनी ड्रायव्हर द्यायची: फुकट हवा असेल तर वेग १४.४ किलोबिट, पूर्ण ५६ हवा असेल तर परवाना विकत घ्या. मुलं संतापायची. मला ते तितकं वावगं वाटलं नाही. मीही कामाचे पैसे घेतच होते.

पण ह्याच ड्रायव्हरची एक गोष्ट मी अजून सांगत असते. २००१च्या सुमारास लिनक्सने नियम केला की बंद सोर्सचं मोड्यूल चढलं तर कर्नलवर ‘टेंटेड’ असा शिक्का बसेल. टेंटेड म्हणजे विटाळलेलं. मग त्या मशीनची तक्रार कर्नलवाले हाताळायला नाखूश. हा शब्द वाचला तेव्हा मला आजीच्या घरातला बाहेर बसायचा कोपरा आठवला आणि नको तितकं हसू आलं. एप्रिल २००४मध्ये कळलं की लिनक्सअंटच्या मोड्यूलमध्ये परवान्याच्या रकान्यात ‘जीपीएल’ हे मोकळ्या सोर्सच्या परवान्याचं नाव लिहिलंय, त्यानंतर एक शून्य बाइट, आणि त्यापुढे ‘फक्त अमुक फोल्डरमधल्या फाइलींपुरतं’. सी भाषेत शून्य बाइट म्हणजे वाक्य संपलं. कर्नलने ‘जीपीएल’ एवढंच वाचलं आणि शिक्का मारला नाही. धर्मराजाने अश्वत्थामा मेला हे मोठ्याने सांगावं आणि हत्ती हा शब्द शंखनादात बुडावा, त्यातलाच प्रकार! कंपनीचं म्हणणं असं की मोड्यूल अनेक असल्याने इशाऱ्यांची रांग लागे आणि गिऱ्हाईक घाबरे, म्हणून तसं केलं. पुढच्या कर्नलांत ही फट बुजवली गेली.

मोडेमचं गणित कुणी मोकळं लिहिलंच नाही असं नाही. फाब्रिस बेलार नावाच्या फ्रेंच माणसाने, ज्याने पुढे एफएफएमपेग आणि क्यूएमू लिहिलं, त्याने संपूर्ण मोडेम सॉफ्टवेअरमध्ये उतरवायला घेतला होता. पण आमच्या टेबलावर कामाला आले ते कंपन्यांचे बंद तुकडेच. मोकळेपणाची शपथ घेतलेली मुलं ते मुकाट्याने जोडून घ्यायची, कारण परीक्षेचा रिझल्ट बघायचा असायचा.

माझं दुःख वेगळं होतं. मेमध्ये वळवाचा पाऊस यायचा, वीज टेलिफोनच्या तारेतून घरात शिरायची आणि दुसऱ्या दिवशी दुकानासमोर जळक्या मोडेमची रांग. जुनं कार्ड असेल तर रिले बदल, तारेकडचा भाग दुरुस्त कर, पुन्हा दहा वर्षं चालेल. नव्यात उघडून बघण्यासारखं काही नसायचं. आणि ते मदरबोर्डातच खोचलेलं, त्यामुळे एकदा एका गिऱ्हाइकाचं कार्ड, बोर्ड आणि प्रोसेसर एकाच कडकडाटात गेले. बाहेरचा डबा मरताना एकटा मरायचा.

२००५च्या जानेवारीत बीएसएनएलचं डेटावन ब्रॉडबँड सुरू झालं आणि वर्ष-दोन वर्षांत हे सगळं ज्ञान रद्दी झालं. नवीन डबा बाहेरचा, नेटवर्कच्या तारेने जोडायचा, कुठलाही ड्रायव्हर नको. काकांकडे तो बसवायला पंधरा मिनिटं लागली. दुकानात आलेल्या तसल्याच एका डब्यात मी कुतूहलापोटी टेलनेटने शिरले, तर समोर बिझीबॉक्सचं स्वागत: आत लिनक्स, सुखाने आपला मोडेम चालवत बसलेलं.

शिल्लक पीसीआय मोडेमच्या पाठीच्या पत्र्याच्या पट्ट्या मी काढून ठेवल्या. पेठेतल्या वाड्यांत उंदीर फार. रिकाम्या स्लॉटच्या फटीतून ते कॅबिनेटमध्ये शिरायचे आणि वायरी कुरतडायचे. फोनच्या पिनेची भोकं टेपने बुजवून त्या पट्ट्या मी अनेक वर्षं लावत होते.